परदेशी दूरचित्रवाणी कार्यक्रम: काही देश जास्त आयात का करतात?

या पाठातून तुम्ही काय शिकाल

- दूरचित्रवाणी कार्यक्रमांची आयात किती प्रकारांनी होते.
- लोकसंख्या, भाषा, प्रक्षेपणाचे तास आणि सरकारी धोरण यांचा आयातीवर काय परिणाम होतो.
- 'सांस्कृतिक वटाव' ही संकल्पना काय आहे आणि तिचा हिशेब कसा मांडतात.
- पंजाबी, हरियाणवी, मराठी आणि कोकणी या भाषांना हे विवेचन कसे लागू पडते.

१. प्रस्तावना: एक छत, दोन सभागृहे

चंदीगडच्या सेक्टर १ मध्ये कॅपिटल कॉम्प्लेक्स आहे. उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानसभा या तेथील तीन प्रमुख इमारती. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले, त्यामुळे भारतातील पंजाबला नवी राजधानी उभारावी लागली. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने हा परिसर आखला. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत स्थान दिले.

माध्यमांच्या अभ्यासात या इमारतींचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. विधानसभेच्या इमारतीत एकाच छताखाली दोन सभागृहे आहेत. मोठे सभागृह पंजाब विधानसभेचे, तर पिरॅमिडच्या आकाराच्या छपराखालचे लहान सभागृह हरियाणा विधानसभेचे. १ नोव्हेंबर १९६६ रोजी भाषेच्या आधारावर जुन्या पंजाबची विभागणी झाली. राजधानी, उच्च न्यायालय आणि ही इमारत मात्र दोन्ही राज्यांत सामाईक राहिली.

एवढे सगळे सामाईक असूनही दोन्ही राज्यांची दूरचित्रवाणी सारखी नाही. पंजाबीत दूरदर्शनची वाहिनी आहे, खासगी करमणूक वाहिन्या आहेत, बातम्यांच्या आणि गाण्यांच्या वाहिन्या आहेत. हरियाणवीत स्वतःची दूरचित्रवाणी त्या मानाने फारच थोडी आहे. हरियाणातील प्रेक्षक प्रामुख्याने मुंबईत तयार झालेले हिंदी कार्यक्रम पाहतो. दोन्ही राज्यांत सुबत्ता आहे, वीज आहे, घराघरांत संच आहेत. मग फरक कशामुळे पडला?

हाच प्रश्न देशांच्या पातळीवर विचारला की आपला विषय सुरू होतो. काही देश आपले बहुतेक कार्यक्रम स्वतः तयार करतात, तर काही देश बाहेरून आणतात. 'ज्यांच्याकडे पैसा नाही ते आणतात' किंवा 'ज्यांना आपल्या संस्कृतीचा अभिमान नाही ते आणतात' ही उत्तरे आपण अनेकदा ऐकतो. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, हे पुढे दिसेल.

२. आयात म्हणजे नेमके काय?

दूरचित्रवाणीची आयात चार मार्गांनी होते. आधी हे प्रकार वेगळे ओळखायला शिका, कारण प्रत्येकाचे अर्थकारण निराळे आहे.

(अ) सीमेपलीकडून येणारे प्रक्षेपण. येथे कोणी काही विकत घेत नाही. पाकिस्तान टेलिव्हिजनचे लाहोर केंद्र १९६४ मध्ये सुरू झाले. अमृतसर तेथून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. गच्चीवर उंच अँटेना लावली की लाहोरची नाटके अमृतसरमध्ये दिसत. १९७३ मध्ये अमृतसरला दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर लाहोरचे प्रेक्षक तिकडून हिंदी चित्रपट पाहू लागले. सीमेवर माणसांना अडवता येत होते, लहरींना नाही.

(आ) तयार कार्यक्रमाची खरेदी. मूळ भाषेत, किंवा खाली उपशीर्षके देऊन दाखवलेला कार्यक्रम. दूरदर्शनवर एके काळी 'आय लव्ह लुसी' ही अमेरिकन विनोदी मालिका दाखवली जात असे, ती याच प्रकारातली.

(इ) भाषांतरित ध्वनीसह कार्यक्रम, म्हणजे डबिंग. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी लागणारी 'जंगल बुक' ही मालिका मूळची जपानी होती. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता आणि शीर्षकगीत हिंदीतच लिहिले गेले होते. त्यामुळे ती परदेशी आहे हे अनेकांच्या लक्षातही आले नाही.

(ई) आराखडा किंवा कथा विकत घेणे. यात कार्यक्रम येथेच तयार होतो, पण त्याची रचना बाहेरची असते. 'कौन बनेगा करोडपती' आणि मराठीतील 'कोण होईल मराठी करोडपती' यांचा आराखडा ब्रिटिश, तर 'बिग बॉस'चा मूळ आराखडा नेदरलँड्समधील 'बिग ब्रदर'चा.

चौथा प्रकार समजून घ्यायला कॅपिटल कॉम्प्लेक्सचेच उदाहरण घ्या. आराखडा परदेशी वास्तुविशारदाचा होता. काँक्रीट मात्र येथील मजुरांनी ओतले, अनेक भारतीय वास्तुविशारद आणि अभियंते त्या कामावर घडले आणि कारभार पहिल्या दिवसापासून आपला होता. आयात केलेल्या आराखड्याचेही तसेच आहे: कल्पनेचे शुल्क बाहेर जाते, पण रोजगार, कौशल्य आणि भाषा येथेच राहतात.

३. जगाची पहिली मोजणी

कार्ले नॉर्डेनस्ट्रेंग या फिनलंडच्या अभ्यासकाने तापिओ वारिस यांच्यासोबत सुमारे पन्नास देशांतील दूरचित्रवाणीची पाहणी केली. युनेस्कोने ती १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. कार्यक्रमांची जागतिक वाहतूक हा एकेरी रस्ता आहे का, असा प्रश्न तिच्या शीर्षकातच होता.

पाहणीतील चित्र ठळक होते. अमेरिकेत परदेशी कार्यक्रमांचे प्रमाण एक-दोन टक्के होते. चीन आणि जपान येथेही ते फार कमी होते. उलट आइसलँडमध्ये ते सुमारे दोन-तृतीयांश, न्यूझीलंडमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश आणि ग्वाटेमालात त्याहूनही जास्त होते.

ही यादी थोडा वेळ न्याहाळा. न्यूझीलंड आणि आइसलँड सधन, तर ग्वाटेमाला गरीब, तरीही तिघे मोठे आयातदार. जपान सधन, त्या काळचा चीन गरीब, तरीही दोघे जवळजवळ स्वावलंबी. म्हणजे दरडोई उत्पन्नावरून कोडे सुटत नाही. आइसलँडची लोकसंख्या तेव्हा दोन लाखांच्या थोडी वर होती, न्यूझीलंडची सुमारे ३० लाख. जपान आणि चीन हे मोठ्या लोकसंख्येचे देश. पहिला धागा येथे सापडतो.

४. पहिले कारण: तासांचा हिशेब

एका वाहिनीला वर्षभर अहोरात्र चालायचे असेल तर ८,७६० तास भरावे लागतात. देश लहान असो की मोठा, हा आकडा बदलत नाही. आणि कार्यक्रम एक लाख लोकांनी पाहिला काय किंवा एक कोटींनी, तो तयार करण्याचा खर्च तेवढाच येतो. दुसरी प्रत काढायला जवळजवळ काहीच लागत नाही. गहू किंवा सिमेंट यांच्या व्यापारापेक्षा हा व्यापार वेगळा पडतो तो यामुळे.

एक काल्पनिक उदाहरण सोडवू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, 'क' भाषेचे ८ कोटी भाषक आहेत आणि 'ख' भाषेचे २० लाख. अर्ध्या तासाचा भाग तयार करायला ५ लाख रुपये लागतात. आपल्या भाषेतला कार्यक्रम असेल तर दर शंभरातले ५ लोक तो पाहतात. जाहिरातदार दर प्रेक्षकामागे ५० पैसे देतो. परदेशी भाग २० हजार रुपयांना मिळतो, पण परकेपणामुळे त्याला निम्मेच प्रेक्षक लाभतात.

'क' भाषेत स्वतःचा कार्यक्रम केला तर ४० लाख प्रेक्षक, २० लाख रुपये उत्पन्न, खर्च वजा जाता १५ लाख शिल्लक. परदेशी भाग लावला तर २० लाख प्रेक्षक, १० लाख उत्पन्न, ९ लाख ८० हजार शिल्लक. येथे स्वतःचा कार्यक्रम करणेच फायद्याचे.

'ख' भाषेत स्वतःचा कार्यक्रम केला तर १ लाख प्रेक्षक, ५० हजार रुपये उत्पन्न आणि साडेचार लाखांचा तोटा. परदेशी भाग लावला तर ५० हजार प्रेक्षक, २५ हजार उत्पन्न आणि ५ हजार रुपये शिल्लक.

दोन्हीकडच्या प्रेक्षकांची आवड अगदी सारखी आहे. 'ख'चे लोकही आपल्या भाषेतला कार्यक्रम दुपटीने पसंत करतात. तरी त्यांच्या पडद्यावर परदेशी कार्यक्रम येतो, कारण खर्च वाटून घ्यायला माणसे पुरत नाहीत. आयात जास्त आहे म्हणून त्या समाजाला स्वतःचे नको आहे, असा निष्कर्ष काढू नका.

प्रत्यक्षात 'क'ला तोच भाग २० हजारांत मिळणार नाही. विक्रेता घेणाऱ्याचा खिसा पाहून भाव सांगतो. मूळ देशात खर्च वसूल झालेला असल्याने लहान बाजारपेठेत जे मिळेल ते त्याला चालते. त्यामुळे लहान देशाला परदेशी कार्यक्रम फार स्वस्तात मिळतो आणि स्वतः निर्मिती करण्याचा मोह आणखी कमी होतो.

आता वेळेचा विचार करा. दुपारी 'क' भाषेतही प्रेक्षक विसाव्या हिश्श्यावर आले, असे समजा. स्वतःच्या भागाला २ लाख प्रेक्षक, १ लाख उत्पन्न, म्हणजे ४ लाखांचा तोटा. परदेशी भागाला १ लाख प्रेक्षक, ५० हजार उत्पन्न, म्हणजे ३० हजार नफा. म्हणून मोठ्या देशांतही आडवेळी बाहेरचे किंवा जुने कार्यक्रम लागतात आणि संध्याकाळी, घर एकत्र बसते तेव्हा, आपले. एखाद्या देशाची आयात मोजताना एकूण तास मोजले की संध्याकाळचे, यावर निष्कर्ष पालटू शकतो.

आणखी एक मार्ग असतो: तासच कमी करणे. आइसलँडच्या सरकारी दूरचित्रवाणीने तो अवलंबला. १९६६ मध्ये सुरू झालेल्या त्या वाहिनीवर १९८७ पर्यंत गुरुवारी प्रक्षेपण नसे, आणि १९८३ पर्यंत जुलै महिना पूर्ण सुट्टीचा असे. आपल्याकडेही दूरदर्शन पूर्वी दिवसातून थोडेच तास चाले, त्यामुळे फारशी आयात लागत नसे.

५. दुसरे कारण: भाषेचे कुंपण

१९८८ मध्ये स्टीव्हन वाइल्डमन आणि स्टीफन सिवेक या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले की येथे देशाची हद्द महत्त्वाची नसून भाषेची बाजारपेठ महत्त्वाची आहे. मोठी आणि सधन भाषिक बाजारपेठ असलेला निर्माता जास्त खर्च करू शकतो. जास्त खर्चाचा कार्यक्रम बाहेरही चालतो. म्हणून इंग्रजीत अमेरिका आणि स्पॅनिशमध्ये मेक्सिको हे मोठे निर्यातदार झाले. ग्वाटेमाला स्पॅनिश बोलतो, त्यामुळे मेक्सिकोचा कार्यक्रम तेथे डबिंगशिवाय चालतो.

म्हणजे भाषा दोन कामे करते. लहान भाषा बाजारपेठ लहान करते, पण तीच भाषा बाहेरच्या कार्यक्रमांपुढे कुंपणही घालते. कॅनडात हे स्पष्ट दिसते. इंग्रजी बोलणारे कॅनेडियन मोठ्या प्रमाणात अमेरिकन मालिका पाहतात, कारण मध्ये भाषेची अडचण नाही. फ्रेंच बोलणारा क्वेबेक प्रांत लोकसंख्येने लहान, पण तेथील प्रेक्षक आपल्याच मालिकांना डोक्यावर घेतो. कुंपणामुळे तेथील निर्मिती टिकून आहे.

आता चंदीगडच्या त्या दोन सभागृहांकडे पाहा. २०११ च्या जनगणनेत पंजाबी मातृभाषा सांगणारे सुमारे ३ कोटी ३० लाख होते. पंजाबीला स्वतःची गुरुमुखी लिपी आहे, तिच्या नावाने राज्य आहे आणि परदेशात मोठा पंजाबी समाज आहे. हरियाणवी सांगणारे सुमारे ९८ लाख होते आणि जनगणनेत त्यांची गणना हिंदीच्या अंतर्गत होते. हरियाणवी माणसाला हिंदी मालिका समजायला काहीच कष्ट पडत नाहीत. कुंपण नाही, म्हणून स्वतःची वाहिनी उभी करणे कठीण. ओटीटीमुळे हरियाणवी मालिकांना अलीकडे थोडी वाट मिळाली आहे, कारण तेथे चोवीस तास भरण्याची सक्ती नसते.

६. तिसरे कारण: सांस्कृतिक वटाव

वरच्या गणितात परदेशी भागाला निम्मे प्रेक्षक मिळतील असे आपण धरले. परकेपणामुळे होणाऱ्या या घटीला कॉलिन हॉस्किन्स आणि रॉल्फ मायरस यांनी १९८८ मध्ये 'कल्चरल डिस्काउंट' असे नाव दिले. दुकानदारीतला शब्द वापरायचा तर हा सांस्कृतिक वटाव. कार्यक्रम आपल्या गावातून परगावी गेला की त्याची किंमत काही टक्क्यांनी उतरते. भाषा, विनोद, नातेसंबंध, सणवार, ओळखीचे चेहरे यांतले काही ना काही वाटेत गळते.

हा वटाव सर्व कार्यक्रमांना सारखा लागत नाही. व्यंगचित्रे, मारधाड, प्राणिसृष्टी यांना कमी. विनोद, कौटुंबिक मालिका, राजकीय चर्चा यांना जास्त. मांजर उंदराच्या मागे धावते हे कोणालाही कळते. सासूने 'बसा' म्हटले की 'बस' म्हटले यातला फरक कळायला घर ओळखीचे असावे लागते.

१९९१ मध्ये जोसेफ स्ट्रॉभार यांनी दुसरी बाजू मांडली. प्रेक्षक आधी आपल्या देशाचा कार्यक्रम शोधतो. तो नसेल तर संस्कृतीने जवळच्या प्रदेशाचा आणि त्यानंतर दूरचा. याला सांस्कृतिक जवळीक म्हणतात. पाकिस्तानी नाटके हे आपल्या शेजारचे उदाहरण. 'तनहाइयाँ' आणि 'धूप किनारे' या १९८० च्या दशकातील मालिका भारतात व्हिडिओ कॅसेटवर पाहिल्या गेल्या. देश परका होता, पण भाषा आणि घर ओळखीचे होते.

भारतात खासगी उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हाचा अनुभवही पाहा. १९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाले. 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल', 'सांता बार्बरा' अशा अमेरिकन मालिका शहरांतल्या घरांत दिसू लागल्या आणि आता आपली संस्कृती वाहून जाणार, अशी चर्चा झाली. पण १९९२ मध्ये सुरू झालेल्या झी टीव्हीच्या हिंदी कार्यक्रमांनी त्याहून फार मोठा प्रेक्षक मिळवला. शेवटी स्टार प्लसलाच भाषा बदलावी लागली. ३ जुलै २००० रोजी त्या वाहिनीवर 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' एकाच दिवशी सुरू झाले. एक परदेशी आराखड्यावर, दुसरी पूर्ण देशी मालिका. मालकी परदेशी होती, पण तयार कार्यक्रमांची आयात वाहिनीला परवडेना, कारण वटाव फार बसत होता.

७. चौथे कारण: सरकारी धोरण

बाजाराचा हिशेब सरकारे बदलू शकतात. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, आरक्षण. युरोपीय समुदायाने १९८९ मध्ये ठरवले की बातम्या, खेळ आणि जाहिराती वगळून उरलेला बहुतांश वेळ, शक्य असेल तेथे, युरोपीय कार्यक्रमांना द्यावा. २०१८ मध्ये मागणीनुसार कार्यक्रम दाखवणाऱ्या सेवांच्या संग्रहात ३० टक्के युरोपीय निर्मितीची अट आली. कॅनडातही देशी कार्यक्रमांची सक्ती दीर्घकाळ आहे. तेथे एक अडचण दिसली: खासगी वाहिन्या देशी कार्यक्रम प्रेक्षक कमी असलेल्या वेळी लावून अट पुरी करत. आरक्षणाने प्रक्षेपण होते, पाहणे होतेच असे नाही.

दुसरा, बंदी. दक्षिण कोरियाने जपानी सांस्कृतिक उत्पादनांवरील बंदी १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठवली. आपल्याकडे २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'ज़िंदगी' वाहिनीने पाकिस्तानी मालिका भारतीय घरांत पुन्हा आणल्या आणि 'ज़िंदगी गुलज़ार है' लोकप्रिय झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये उरी येथील हल्ल्यानंतर वाहिनीने त्या थांबवल्या. येथे ना खर्च वाढला होता ना आवड घटली होती. राजकीय वातावरण बदलले आणि आयात बंद झाली.

कधी वाद मूळ देशावरून नव्हे, तर डबिंगच्या भाषेवरून होतो. जपानी 'डोरेमॉन' हिंदीतून पाहून मुले हिंदी बोलू लागली, या चिंतेने बांगलादेशाने २०१३ मध्ये ते प्रक्षेपण थांबवले. २०१६ मध्ये लाहोरच्या पंजाब विधानसभेतही त्यावर बंदीची मागणी करणारा ठराव दाखल झाला होता. म्हणजे जपानचा कार्यक्रम, भारतात झालेले डबिंग आणि चिंता ढाक्यात व लाहोरात.

तिसरा मार्ग म्हणजे सार्वजनिक पैसा. सरकारी प्रसारक तोटा सोसून लहान भाषेत कार्यक्रम करू शकतो. आपल्या गणितातला 'ख' भाषेचा साडेचार लाखांचा खड्डा कोणीतरी भरावा लागतो. तो जाहिरातदार भरणार नाही.

८. मराठीचा हिशेब

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले सुमारे ८ कोटी ३० लाख आहेत. म्हणजे जर्मनीएवढी भाषा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. कलावंत, तंत्रज्ञ, नाटकाची परंपरा, सर्व काही हाताशी होते. तरीही खासगी मराठी वाहिन्यांना वेळ लागला. तमिळमध्ये सन टीव्ही १९९३ मध्ये आले. मराठीत अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, १९९९ मध्ये आणि ई टीव्ही मराठी, म्हणजे आजची कलर्स मराठी, २००० मध्ये आली. कारणे अनेक असतील, पण एक कारण आपल्या गणितातून दिसते.

'क' भाषेचे उदाहरण पुन्हा घ्या. आता बाहेरचा कार्यक्रम इंग्रजी नसून हिंदी आहे असे धरा. मराठी प्रेक्षकाला हिंदी समजते, म्हणून वटाव निम्मा न धरता दहा टक्केच धरा. मग ३६ लाख प्रेक्षक, १८ लाख उत्पन्न, २० हजार खर्च आणि १७ लाख ८० हजार शिल्लक. स्वतःच्या भाषेतल्या कार्यक्रमाची शिल्लक होती १५ लाख. म्हणजे ८ कोटींची भाषा असूनही हिंदी कार्यक्रम दाखवणे जास्त फायद्याचे ठरते! तमिळनाडूत हिंदीला मोठा वटाव बसतो, म्हणून तेथे हा हिशेब उलटा लागतो.

किती वटाव असला म्हणजे मराठी निर्मिती परवडेल? या आकड्यांत उत्तर येते सुमारे २४ टक्के. शंभर मराठी प्रेक्षकांपैकी किमान चोवीसजण 'मराठीत नसेल तर मी पाहणार नाही' असे म्हणत असतील, तर मराठी मालिका तयार होते. हा आकडा काल्पनिक गणितातला असला तरी मुद्दा खरा आहे: आपल्या भाषेची दूरचित्रवाणी किती लोकांना ती भाषा येते यावर ठरत नाही, किती लोकांना तिच्यावाचून चालत नाही यावर ठरते.

मराठी वाहिन्यांनी असा प्रेक्षक मिळवला आणि टिकवला. पण आयात संपली नाही, तिचे रूप बदलले. 'आई कुठे काय करते' ही मालिका मूळच्या बंगाली 'श्रीमोयी'वरून, 'रंग माझा वेगळा' मल्याळम मालिकेवरून, तर 'ठरलं तर मग' तमिळ मालिकेवरून आली. यात लेखक मराठी, घर मराठी, बोलणे मराठी. एका भाषेत पारखून घेतलेली कथा दुसरीत नेली की जोखीम कमी होते. हा आपल्या यादीतला चौथा प्रकार. रोजगार येथेच राहतो, पण नवी कथा लिहून घेण्याची सवय मोडू शकते, हा त्यातला धोका.

मुलांच्या कार्यक्रमांत मात्र कुंपण कोसळलेले दिसते. व्यंगचित्रांना वटाव कमी आणि निर्मितीचा खर्च मोठा. त्यामुळे 'डोरेमॉन', 'शिनचॅन' बहुतेक मराठी घरांत हिंदीतूनच पाहिले जातात. अनेक मराठी मुले शाळेत हिंदी शिकण्याआधीच त्यांतून हिंदी बोलू लागतात. बांगलादेशाची चिंता आपल्याला परकी नाही.

आणि कोकणी? २०११ मध्ये कोकणी मातृभाषा सांगणारे सुमारे साडेबावीस लाख होते, तेही गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र आणि केरळ यांत विखुरलेले आणि पाच लिप्यांत लिहिणारे. आपल्या गणितातला 'ख' हाच. गोव्यातल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने मराठी मालिका हीसुद्धा कमी वटावाची आयात आहे. हिंदीबद्दल आपण जी तक्रार करतो, ती कोकणीभाषक आपल्याबद्दल करू शकतो.

९. सारांश

कार्यक्रमाचा खर्च प्रेक्षकसंख्येवर अवलंबून नसतो, म्हणून लहान बाजारपेठा जास्त आयात करतात. बाजारपेठ देशाच्या हद्दीने नव्हे तर भाषेने ठरते. भाषा जितकी वेगळी, तितका बाहेरच्या कार्यक्रमावर वटाव जास्त आणि देशी निर्मितीला आधार जास्त. प्रक्षेपणाचे तास वाढले की आयात वाढते, पण संध्याकाळच्या वेळी आपला कार्यक्रमच टिकतो. धोरण आणि राजकारण हा हिशेब दोन्ही बाजूंनी बदलू शकतात. म्हणून आयातीचा एकच आकडा पाहून समाजाची परीक्षा करू नये. काय आले, कोणत्या भाषेत आले, कोणत्या वेळी दाखवले गेले आणि कोणाचे काम त्यामुळे वाढले किंवा गेले, हे चार प्रश्न विचारावेत.

१०. स्वाध्याय

१. आपल्या उदाहरणात परदेशी भागाची किंमत २० हजारांऐवजी ३० हजार झाली तर 'ख' भाषेच्या वाहिनीने काय करावे? गणित मांडून सांगा.

२. न्यूझीलंड आणि क्वेबेक या दोन्ही लहान बाजारपेठा. न्यूझीलंडमध्ये आयात जास्त का, याचे उत्तर 'भाषेचे कुंपण' ही संकल्पना वापरून लिहा.

३. तुमच्या घरी एका आठवड्यात पाहिलेल्या कार्यक्रमांची यादी करा. प्रत्येकापुढे तो आयातीच्या चार प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसतो, की कोणत्याच नाही, ते लिहा. संध्याकाळी ७ ते १० आणि उरलेला दिवस असे दोन भाग करून तुलना करा.

४. घरातल्या प्रत्येकाला विचारा: 'हाच कार्यक्रम मराठीत नसता तर तुम्ही पाहिला असता का?' आजी, आई-वडील आणि लहान मुले यांच्या उत्तरांत फरक पडतो का? तुमच्या घरापुरता हिंदीचा सांस्कृतिक वटाव किती टक्के येतो ते काढा.